हवा हवी, आवाज नको: मुंबईतल्या छोट्या स्टुडिओसाठी शांत एसी

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईतल्या छोट्या स्टुडिओंना उसंत नसते. गणपती तोंडावर आलेले असतात, आरत्या आणि गाणी रांगेत उभी असतात आणि बाहेरची हवा अशी, की दोरीवरचा टॉवेल दोन दोन दिवस वाळत नाही. अशाच दिवसांत माझ्या पहिल्या बूथमध्ये एक शाहीर पोवाडा गायला उभे होते. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात मी तो बूथ बांधला होता. दुहेरी भिंत, जाड दार, चौकटीला चारी बाजूंनी रबराची पट्टी. शेजारच्या गाळ्यातलं लेथ मशीन आत अजिबात ऐकू येत नसे आणि त्याचा मला फार अभिमान होता. चौथ्या टेकला शाहीर थांबले, बाहेर येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आत श्वास पुरत नाही हो." डफाचं कातडंही तोवर सैल पडलं होतं.

भिंतीचा विचार मी वर्षभर केला होता. हवेचा एक दिवसही केला नव्हता. पुढे तीच भिंत फोडून डक्ट, म्हणजे हवा नेणारी पत्र्याची वाट, घालावी लागली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे. सुतार बोलवायच्या आधी वाचलंत तर जास्त उपयोग होईल, कारण शांत हवेला जागा लागते आणि भिंती उभ्या राहिल्यावर ती जागा मिळत नाही.

किती शांतता हवी ते आधी ठरवा

एसीचा आवाज मोजायला जगभर एनसी (नॉइज क्रायटेरिया) नावाच्या रेषा वापरतात. अमेरिकन ध्वनितज्ज्ञ लिओ बेरानेक यांनी त्या १९५७ मध्ये मांडल्या. कमी कंप्रतेचा घुमारा आणि जास्त कंप्रतेची सळसळ कानाला सारखी टोचत नाही, म्हणून प्रत्येक पट्ट्यात किती आवाज चालेल हे या रेषा सांगतात. आकडा जितका लहान तितकी खोली शांत. साधं ऑफिस एनसी ३५ ते ४० च्या आसपास असतं. रेकॉर्डिंगच्या खोलीसाठी एनसी १५ ते २० धरतात. डेसिबल मीटरवरचा अंदाज हवा असेल तर त्यात साधारण सहा-सात मिळवा. एनसी १५ म्हणजे बावीसच्या जवळपास डेसिबल ए, म्हणजे माणसाच्या कानाला जुळवून मोजलेले डेसिबल.

हा आकडा कामावर ठरतो. तोंडाजवळ माइक घेऊन पॉडकास्ट करणाऱ्याला एनसी २५ सुद्धा पुरेल. बोलपुस्तकांचं काम थोडं कडक असतं. ऑडिबलच्या एसीएक्स या बोलपुस्तकांच्या मंचाला रेकॉर्डिंगमधला न बोलतानाचा आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली लागतो (हे फाइलमधल्या पातळीचं माप, खोलीतल्या आवाजाचं नाही) आणि वाचताना दर वाक्याला शांतता येतेच. सर्वात कठीण परीक्षा असते ती तानपुऱ्याची, बासरीची किंवा हळू आवाजात घेतलेल्या आलापाची. तिथे माइक लांब असतो, गेन (माइकचा आवाज वाढवायचं प्रमाण) वर असतो आणि एसीचा प्रत्येक सुस्कारा नोंदला जातो. तुमच्याकडे यातलं सर्वात नाजूक काम कोणतं येणार, ते धरून एक आकडा ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढे ठेकेदाराशी बोलताना तोच उपयोगी पडतो. "एकदम सायलेंट करून देतो" या शब्दांना मोजमाप नसतं.

बंद खोलीत माणूस किती वेळ टिकतो

नवख्यांचा इथे सर्रास एक गैरसमज असतो, माझाही होता. स्प्लिट एसी बाहेरून हवा आणत नाही. खोलीतलीच हवा ओढून, थंड करून परत खोलीत सोडतो. भिंतीतून बाहेर जातात त्या तांब्याच्या दोन नळ्या, त्यांतून गॅस फिरतो, हवा नाही.

आता हिशेब करू. चार बाय पाच फुटांचा, सात फूट उंचीचा बूथ म्हणजे १४० घनफूट, सुमारे ४००० लिटर हवा. शांत बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बाहेरच्या हवेत तो सुमारे ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग, असतो. दार घट्ट बंद असेल तर आठेक मिनिटांत तो १००० वर जातो आणि तासाभरात ५००० च्या आसपास पोचतो. गाणारा माणूस शांत बसलेला नसतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत हे आणखी लवकर घडतं. डोकं जड होतं, जांभया येतात, सूर किंचित खाली लागायला लागतो आणि आपण म्हणतो की आज गळा साथ देत नाहीये.

माणशी १५ ते २० सीएफएम ताजी हवा धरा. सीएफएम म्हणजे मिनिटाला इतके घनफूट. चार माणसांचा स्टुडिओ असेल तर ८० सीएफएम. एवढी हवा आत आणायची, तेवढीच बाहेर काढायची आणि दोन्ही वाटांनी आवाज येऊ द्यायचा नाही. सगळं काम काय ते एवढंच.

किती टन लागेल

एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, म्हणजेच साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर फेकण्याची ताकद. "दीडशे फुटाला एक टन" असा बाजारातला हिशेब स्टुडिओला लागू पडत नाही. दुहेरी भिंतींमुळे बाहेरची उष्णता कमी येते आणि आतली मात्र आतच कोंडते.

एक खरं वाटेल असं उदाहरण घेऊ. बारा बाय चौदाची कंट्रोल रूम, तीन माणसं, शेजारी एका गायकाचा बूथ, गाळा मधल्या मजल्यावर. तीन माणसांची उष्णता ३६० वॉट. कॉम्प्युटर, स्पीकर, बाकीची यंत्रं आणि दिवे मिळून ७००, कारण यंत्रं जेवढी वीज खातात ती जवळपास सगळी शेवटी उष्णताच होते. बूथमधला गायक आणि दिवा १५०. भिंती आणि स्लॅब यांचे ७०० धरू. हे झाले १९०० च्या आसपास. आता वर सांगितलेली चार माणसांची ८० सीएफएम ताजी हवा मिळवा. पावसाळ्यातल्या मुंबईत ती एकटीच १६०० वॉटचा बोजा आणते. एकूण साडेतीन हजार, म्हणजे बरोबर एक टन. निम्म्याच्या जवळपास बोजा फक्त श्वासासाठी आणलेल्या हवेचा आहे, हे लक्षात घ्या. वरचा स्लॅब थेट उन्हात असेल, म्हणजे शेवटचा मजला असेल, तर स्लॅबचा आकडा पुष्कळ वाढवा.

अशा ठिकाणी मी दीड टनाचं इन्व्हर्टर, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारं, यंत्र घेईन, म्हणजे ते कायम खालच्या वेगावर चालेल. पण दोन-अडीच टनाचं घेऊ नका. फार मोठं यंत्र खोली पटकन थंड करून थांबतं, तोवर हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळालेला नसतो. खोली थंड आणि दमट राहते. इन्व्हर्टर नसेल तर दर काही मिनिटांनी चालू-बंद होण्याचा ठोका वेगळा, आणि तो नेमका आलापातच पडतो.

सगळं गणित वेगाचं

हा भाग सावकाश वाचा. बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

लोक एसी शोधताना कंपनी आणि मॉडेल पाहतात. ते पाहावंच. पण डक्टच्या तोंडाशी जी फुसफुस ऐकू येते, ती यंत्राची नसते, हवेची असते. हवा अरुंद वाटेने जोरात ढकलली की ती कडांवर घासते, भोवरे होतात आणि आवाज होतो. हा आवाज वेगाच्या पाचव्या-सहाव्या घाताने वाढतो. म्हणजे वेग दुप्पट केला की आवाज १५ ते १८ डेसिबलने वर जातो, आणि निम्मा केला की तेवढाच खाली येतो. दहा डेसिबल कमी झाले तर कानाला आवाज निम्मा वाटतो. एवढा फरक दुसऱ्या कुठल्याही उपायाने इतक्या स्वस्तात मिळत नाही.

एनसी १५ च्या खोलीत ग्रिलमधून, म्हणजे डक्टच्या तोंडावरच्या जाळीतून, बाहेर पडणाऱ्या हवेचा वेग मिनिटाला २५० फुटांच्या आसपास ठेवायचा, परतीच्या ग्रिलवर ३०० पर्यंत चालतो. मुख्य डक्टमध्ये ५०० च्या आत.

वरच्याच उदाहरणात खालच्या वेगावर एकूण ४०० सीएफएम हवा फिरते असं धरू, टनाला ४०० हा नेहमीचा हिशेब. त्यातली ३०० कंट्रोल रूमला, १०० बूथला. ३०० ला २५० ने भागलं की १.२ चौरस फूट मोकळी जागा लागते. ग्रिलच्या पट्ट्या तीसेक टक्के जागा खातात, म्हणून ग्रिल अठरा बाय चौदा इंचांचं घ्यावं लागतं. बूथला बारा बाय आठ. मुख्य डक्ट आतून बारा बाय दहा. आत सगळीकडे एक इंच ग्लासवूलचं अस्तर येणार, म्हणून बाहेरून चौदा बाय बारा. हे अस्तर मोजायचं विसरतात, डक्ट आतून बारीक होते आणि सगळा हिशेब बिघडतो.

माझ्या बूथला ठेकेदाराने चार इंची लवचीक पाइप जोडला होता. चार इंची पाइपातून १०० सीएफएम सोडायचे तर वेग मिनिटाला ११५० फुटांच्या जवळ जातो. हव्या त्या वेगाच्या साडेचारपट, म्हणजे आवाज तीसहून जास्त डेसिबलने वर. यंत्र चांगलंच होतं, आणि मी दोन महिने त्यालाच दोष देत होतो.

म्हणून ठेकेदाराला विचारायचा पहिला प्रश्न हाच: प्रत्येक ग्रिलवर किती सीएफएम आणि वेग किती? ज्याला उत्तर देता येत नाही, त्याला घरांची कामं करू द्या.

यंत्र कुठे ठेवायचं

बूथच्या किंवा कंट्रोल रूमच्या डोक्यावर तर नाहीच. ज्या खोलीत माइक नाही अशा जागी ठेवा. पॅसेज, सामानाची खोली, गाळ्याचा पोटमाळा, टॉयलेटचं फॉल्स सीलिंग. डक्टेबल किंवा कन्सील्ड प्रकारचं इनडोअर त्यासाठीच असतं. सळईने स्लॅबला थेट टांगू नका, मध्ये स्प्रिंगचे किंवा रबराचे हँगर घाला. यंत्र आणि पत्र्याची डक्ट यांच्यामध्ये सहा इंच कॅनव्हासचा ढिला तुकडा असलाच पाहिजे, नाहीतर मोटरची थरथर पत्र्यावरून चालत थेट बूथमध्ये येते. तिथे फिल्टर काढायला हात पोचेल एवढी झडपही ठेवा.

वाट लांब करा, वळणं द्या, आत अस्तर लावा

यंत्रापासून ग्रिलपर्यंत जाताना पंख्याचा आवाज मरायला हवा. तो मारतात तीन गोष्टी: लांबी, वळणं आणि आतलं अस्तर. काळ्या टिश्यूचं किंवा कापडाचं आवरण असलेलं ग्लासवूल एक इंच जाडीचं, जमलं तर दोन. एक सरळ दहा फुटी डक्ट देण्यापेक्षा दोन काटकोनी वळणं असलेली, अस्तर लावलेली डक्ट जास्त शांत. सळसळ आणि शिट्टी अस्तर खातं. खालचा घुमारा मात्र पातळ अस्तराला दाद देत नाही. त्यासाठी मध्ये मोठी पेटी लागते.

ही पेटी, म्हणजे बॅफल बॉक्स, सुतार करू शकतो. एकोणीस मिलिमीटरच्या प्लायचे दोन थर, आतून पन्नास मिलिमीटर रॉकवूल कापडात बांधून, आणि मध्ये आलटूनपालटून फळ्या, म्हणजे हवा नागमोडी जाईल. आतली वाट कुठेही ग्रिलपेक्षा अरुंद नको. तिथे वेग वाढला तर पेटीतच नवा आवाज तयार होतो आणि पेटी बांधून काही मिळत नाही. स्पंजचे स्वस्त तुकडे, अंड्यांचे ट्रे, पॅकिंगचा फोम आत लावू नका. ते लवकर पेट घेतात आणि धूर थेट बंद खोलीत येतो. रॉकवूल जळत नाही.

बूथ आणि कंट्रोल रूमला एकाच डक्टवरून लागोपाठ ग्रिल दिलं तर दोन्ही खोल्या डक्टमधून एकमेकींशी बोलतात. कंट्रोल रूममधला तबल्याचा ट्रॅक गायकाच्या माइकवर येतो. दोन्ही फांद्या यंत्राजवळच वेगळ्या करा, प्रत्येकीला तिची वळणं आणि तिची पेटी द्या.

हवा कमी-जास्त करायचा डँपर ग्रिलच्या पाठीशी बसवायची सवय असते. अर्धवट बंद डँपर शिट्टी घालतो. तो फांदीच्या सुरुवातीला बसवा, म्हणजे शिट्टी वाटेत मरेल. वरच्या उदाहरणात १०० सीएफएमने बूथ जरा जास्त थंड पडेल, तेव्हा त्याच डँपरने थोडं कमी करायचं, पण ताज्या हवेचं प्रमाण खाली जाऊ द्यायचं नाही.

दुहेरी भिंतीतून डक्ट नेताना ती दोन्ही भिंतींना घट्ट चिकटू नये. तसं झालं तर वेगळ्या ठेवलेल्या भिंती डक्टने परत जोडल्या जातात. मध्ये कॅनव्हासचा जोड, कडेला रॉकवूल, वरून न वाळणारा सीलंट.

परतीची वाट

आत गेलेली हवा बाहेर पडायला हवी, हे सगळ्यांना कळतं, आणि तरी सर्वात जास्त चुका इथेच होतात. दाराच्या खाली एक इंच फट ठेवून काम उरकतात. भिंतीच्या एकूण क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का उघडं भोक असेल, तर ती भिंत कितीही जाड असली तरी आवाज वीस डेसिबलपेक्षा जास्त अडवत नाही. शंभर चौरस फुटांच्या भिंतीत एक चौरस फूट उघडं राहिलं, की बोर्डाचे दोन थर, रॉकवूल, जाड दार यांतलं जवळपास काहीच कामी येत नाही. उलट परत जायला वाटच ठेवली नाही तर बूथमध्ये दाब तयार होतो, हवा आत शिरत नाही आणि दाराच्या रबरातून बारीक शीळ ऐकू येते.

परतीलाही तेवढीच डक्ट, तेवढंच अस्तर, तेवढीच पेटी. आत येणारी हवा वरून, गायकाच्या अंगावर थेट न पडता भिंतीलगत सोडा आणि परतीचं ग्रिल समोरच्या कोपऱ्यात खाली घ्या. दोन्ही शेजारी शेजारी असतील तर थंड हवा वरच्या वर निघून जाते आणि गायक तसाच घामाघूम.

पावसाळ्याचा हिशेब वेगळा

परदेशी मार्गदर्शक वाचून मुंबईत स्टुडिओ बांधणाऱ्यांना पावसाळा धडा शिकवतो. जुलैत बाहेर तीस अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असते, तेव्हा एक किलो हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं. आत २४ अंश आणि ५५ टक्के हवी असेल तर दहा ग्रॅमच्या आसपास हवं. तीन माणसांसाठी ६० सीएफएम ताजी हवा घेतलीत तर तासाला जवळपास दीड लिटर पाणी त्या हवेतून काढावं लागतं. आठ तासांच्या सेशनला बारा लिटर, बादलीच्या जवळपास.

म्हणून ताजी हवा पंख्याने सरळ बूथमध्ये सोडू नका. ती यंत्राच्या परतीच्या बाजूला, कॉइलच्या (हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या) आधी मिसळा, म्हणजे पाणी कॉइलवरच निघेल. छोटा इनलाइन पंखा, त्याच्या आधी फिल्टर, नंतर बॅफल बॉक्स आणि मग यंत्र. बाहेरचं तोंड आउटडोअर युनिटच्या गरम झोतापासून आणि टॉयलेटच्या शाफ्टपासून लांब. सेशन संपलं की हा पंखा बंद करायला शिका. रात्रभर रिकाम्या खोलीत दमट हवा भरत राहिली तर सकाळी हार्मोनियमच्या पट्ट्या फुगलेल्या मिळतील.

या दिवसांत बाहेरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातलं पाणी थेंब धरतं तो, पंचविशीच्या घरात असतो आणि डक्टमधली हवा असते चौदा अंशांच्या आसपास. उघडा पत्रा बर्फाच्या ग्लाससारखा घाम धरतो. फॉल्स सीलिंगवर पिवळे डाग पडले की समजायचं, डक्टला बाहेरून आवरण नाही. एकोणीस मिलिमीटरचं नायट्राईल रबर बाहेरून, सांधे नीट चिकटवून. कॉइलच्या लगेच पुढच्या दोन-तीन फुटांत आतलं अस्तर लावू नका. तिथे पाण्याचे थेंब उडतात, ग्लासवूल भिजतं आणि कुबट वास सुरू होतो, तो काही केल्या जात नाही.

ड्रेन पाइपला शंभरास एक तरी उतार द्या आणि यंत्राबाहेर पडताच यू आकाराचा ट्रॅप करा. ट्रॅप नसेल तर पंखा पाइपातून हवा ओढतो आणि गुडगुड आवाज येतो. एका सेशनमध्ये तो आवाज शोधायला आम्हाला अख्खी संध्याकाळ लागली होती. पंपाने पाणी काढायची वेळ येऊ देऊ नका, पंप केव्हाही घरघरतो.

आर्द्रतेचा काटा बूथमध्ये टांगा आणि ४५ ते ५५ टक्क्यांत राहायचा प्रयत्न करा. तबला, डग्गा, ढोलकी, डफ यांचं कातडं ओल पिऊन सैल होतं आणि सूर उतरतो. थेट कोरडा थंड झोत पडला तर तेच ताणलं जाऊन सूर चढतो. वादकाला अर्धा तास आधी बोलवा, वाद्यं उघडून खोलीत ठेवायला सांगा आणि मग लावून घ्या.

हातात एकच खोली आणि एकच स्प्लिट असेल तर

सगळ्यांना डक्ट परवडत नाही. वन बीएचकेतल्या बेडरूममध्ये उत्तम काम करणारे लोक मला माहीत आहेत. तुमच्यासाठी क्रम असा. शक्य तर इन्व्हर्टर स्प्लिट घ्या आणि कॅटलॉगमधला सर्वात खालच्या पंख्याचा डेसिबल आकडा पाहा. विशीच्या घरातले आकडे दिसतात, पण ते कंपनीच्या चाचणीच्या खोलीतले असतात, तुमच्या दहा बाय दहाच्या खोलीत भिंती त्यात भर घालतात. सेशनच्या आधी पंखा पूर्ण वेगावर ठेवून खोली बावीस अंशांपर्यंत थंड करा. टेकला पंखा सर्वात खाली. तापमान बदललं की प्लास्टिकचं अंग टक्-टक् करतं, म्हणून टेकच्या मधोमध रिमोट हाती घेऊ नका. कार्डिऑइड माइकची पाठ एसीकडे करा, मागून येणारा आवाज तो सर्वात कमी घेतो.

एसी पूर्ण बंद करून टेक घ्यायची पद्धत जुनी आहे आणि तीन-चार मिनिटांच्या गाण्याला ती चालते. बोलपुस्तकाला चालत नाही. दर टेकनंतर मात्र दार सताड उघडा, दोन मिनिटं. खिडकीच्या एका झडपेत बॅफल बॉक्स आणि छोटा पंखा बसवलात तर तेही लागणार नाही. माझ्या मते घरगुती स्टुडिओत फोमच्या तुकड्यांआधी या पेटीवर खर्च करावा.

आउटडोअर युनिट

थोडक्यात सांगतो. बूथच्या भिंतीवर टांगू नका. ब्रॅकेटखाली जाड रबर, कॉपर पाइप भिंतीतून जाताना स्लीव्हमध्ये. समुद्राच्या जवळ, वर्सोवा किंवा माहीमसारख्या ठिकाणी खाऱ्या हवेने कॉइलच्या पातळ पट्ट्या गंजतात, म्हणून लेप दिलेली तांब्याची कॉइल घ्या. सोसायटीची लेखी परवानगी आधी काढा. शेजाऱ्याच्या खिडकीसमोर युनिट ठेवू नका. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची आहे, आणि रात्रीची सेशन्स तर आपली रोजची. एसीची वायर ऑडिओच्या सर्किटपासून वेगळी.

ताब्यात घेण्याआधी तपासा

पैशांचा शेवटचा हप्ता हातात ठेवून ही तपासणी करा. मोबाइलमधलं ॲप इथे चालत नाही. स्वस्त डेसिबल मीटरसुद्धा तिशीच्या खाली साधारण काही दाखवत नाहीत आणि आपल्याला तर बाविशी मोजायची आहे. त्यापेक्षा तुमचा सर्वात कमी स्वतःचा आवाज असलेला कंडेन्सर माइक गायकाच्या जागी लावा. गेन नेहमीच्या आलापाला ठेवता तेवढा, आणि तो पुढे हलवू नका. रात्री दोन मिनिटं सगळं बंद ठेवून नोंदवा, मग दोन मिनिटं फक्त ताज्या हवेचा पंखा, मग एसी खालच्या वेगावर, मग मधल्या. चारही तुकडे एकाखाली एक ठेवून स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या कंप्रतेला किती आवाज आहे याचा आलेख, पाहा. रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात हे स्पष्ट दिसतं. एखाद्या कंप्रतेवर टोकदार सुळका असेल तर ती थरथर आहे, हँगर आणि कॅनव्हास बघा. वरच्या पट्ट्यात रुंद फुगवटा असेल तर हवेचा वेग जास्त आहे. ग्रिल हाताने काढून परत नोंदवा. आवाज गेला तर ग्रिल लहान आहे, राहिला तर दोष मागे आहे.

मग कार्बन डायऑक्साइडचा मीटर, एनडीआयआर (इन्फ्रारेड किरणांनी मोजणाऱ्या) प्रकारचा, घेऊन स्वतः बूथमध्ये बसा. दार बंद, हातात मोठ्याने वाचायला पुस्तक. वीस मिनिटांनी आकडा १००० च्या आत स्थिर असेल तर सही करा. चढतच असेल तर ठेकेदाराला आत बसवून तो आकडा दाखवा.

फिल्टर पंधरा दिवसांनी धुवा, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या धुळीच्या दिवसांत आठवड्याला. तुंबलेल्या फिल्टरने हवा कमी होते, मग कोणीतरी पंख्याचा वेग वाढवतं आणि आवाज परत येतो. माझ्याकडे यंत्राच्या झडपेच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे, त्यावर धुतल्याची तारीख आणि धुणाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय झडप लावायची नाही असा नियम आहे.